टपाखाली मुरलेले पाणी

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायचे एक छोटे घर मिळते. त्याला तिकडे ट्रक कॅम्पर म्हणतात. ट्रेलरसारखे ते मागून ओढून न्यावे लागत नाही. चार कोपऱ्यांना जॅक लावून घर उचलायचे, ट्रक मागे घेत त्याच्या पोटाखाली आणायचा, घर हळूच हौद्यात टेकवायचे आणि साखळ्या-टर्नबकलने आवळून टाकायचे. ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेला पोटमाळा म्हणजे झोपायची जागा. खाली दोन बाकडी, घडीचे टेबल, गॅसची शेगडी, भांडे विसळण्यापुरते सिंक. या घरांची एक जात टप उचलणारी आहे. चालताना छत खाली बसलेले असते. मुक्कामावर पोचले की ते वर जाते, मधल्या फटीत कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात आणि माणसाला आत ताठ उभे राहता येते. 1960 आणि 1970च्या दशकांतली अशी कितीतरी घरे तिकडच्या परसांत, गोठ्यांत, झाडांखाली पडून आहेत, आणि ती विकत घेऊन पुन्हा उभी करणाऱ्यांचीही कमी नाही. त्यांच्यापुढे पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो: पुन्हा उभे करायचे ते काय? कारखान्यातून जसे बाहेर पडले तसे घर, की ज्या विचाराने ते बांधले गेले तो विचार? बहुतेक जुन्या वस्तूंच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे एकच असतात. या घराच्या बाबतीत मात्र ती पहिल्या दिवसापासून एकमेकांच्या विरुद्ध होती. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने कारखान्याची बाजू सोडून विचाराची बाजू घेतली पाहिजे, असे मी मानतो. त्याची कारणे या घराच्या इतिहासातच आहेत.

हा विचार रस्त्याने घडवला. मोटारीत संसार घालून हिंडण्याची हौस अमेरिकेत जुनी. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात 1919 साली जमलेल्या भटक्यांनी स्वतःला ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ असे नाव देऊन संघटनाही काढली होती. फोर्डने 1925 साली मॉडेल टीला कारखान्यातच हौदा जोडून विकायला सुरुवात केली आणि शेतकऱ्याच्या, सुताराच्या दारात पिकअप आला. पण ट्रकच्या पाठीवर घर बसवण्याची खरी निकड दुसऱ्या महायुद्धानंतरची. 1942 साली लष्करी गरजेपोटी काही महिन्यांत कॅनडातून अलास्काकडे जाणारा सुमारे 2700 किलोमीटरचा रस्ता खोदला गेला आणि 1948मध्ये तो सामान्य वाहनांना खुला झाला. खडी, चिखल, तीव्र चढ, दोन वस्त्यांमध्ये लांबच लांब निर्जन अंतर. अशा रस्त्यावर ट्रेलर ओढणे म्हणजे एका गाडीच्या जागी दोन गाड्यांचे दुखणे सोबत घेणे. मासेमारीला, शिकारीला निघालेल्या माणसाला हवे होते ते ट्रक जिथे जाईल तिथे जाणारे घर. युद्धाच्या काळात पक्क्या झालेल्या प्लायवूडने आणि मुबलक झालेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याने ते शक्य केले. आरंभीची कितीतरी घरे अंगणात, घरच्या करवतीने बांधलेली होती, आणि हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लेखक जॉन स्टाइनबेक 1960 साली अमेरिका पाहायला निघाला तेव्हा पाऊण टनी जीएमसी पिकअपवर त्याने असेच एक घर बसवून घेतले होते. डॉन किहोटेच्या घोड्याचे नाव त्याने त्या गाडीला दिले, रोसिनांते. त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक 1962 साली आले, आणि ट्रकच्या हौद्यातले घर घरोघरच्या वाचकांपर्यंत पोचले.

रोसिनांतेच्या घराचे छत पक्के होते, आणि पक्क्या छताचा दोष रस्त्यावर पडताच कळतो. आत माणूस उभा राहायचा तर साडेसहा फूट उंची लागते. ती हौद्याच्या उंचीवर चढवली की सगळा डोलारा दहा-अकरा फुटांच्या वर जातो. हवेचा विरोध समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. त्यात भर गुरुत्वमध्याची. वजन जितके वर, तितका ट्रक वळणावर कलणार, बाजूच्या वाऱ्याने हेलकावणार, आणि मागचे पाटे सदोदित दबलेले राहणार. रानवाटेवर खाली आलेल्या फांद्यांचे तर सांगायलाच नको. उपाय सुचायला सोपा होता: उंची फक्त थांबल्यावरच लागते, तर चालताना ती बाळगायचीच कशाला? कॅलिफोर्नियात आर. डी. हॉल यांनी 1950च्या दशकात ‘अलास्कन’ नावाचा कॅम्पर काढला. त्यात कॅनव्हास नव्हताच. वरची पेटी खालच्या पेटीवर डब्याच्या झाकणासारखी उतरत असे, आणि हाताने पंप मारून तेलाच्या दाबावर ती वर चढवली जाई. साधारण त्याच काळात इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची ‘डॉर्मोबिल’ व्हॅन आली. तिचा टप एका बाजूला बिजागरीवर उघडायचा आणि त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणले जायचे. एकच अडचण, दोन देश, दोन स्वतंत्र उत्तरे. उघडमीट करणारे छत ही चैन म्हणून जन्मलेली नाही, एवढे यावरून दिसते. ते ओझ्याच्या आणि वाऱ्याच्या हिशोबातून आले.

हा हिशोब 1972 साली सगळ्यांत स्वच्छ मांडला गेला, असे मला वाटते. त्या वर्षी डेव्ह रो यांनी ‘फोर व्हील कॅम्पर्स’ सुरू केली. नावातच हेतू होता: चारही चाकांना जोर असलेल्या ट्रकसाठी घर, आणि असा ट्रक जिथे चढेल तिथे त्या घरानेही चढले पाहिजे. त्यांच्या घरात पंप नव्हता, मोटर नव्हती, तारा-कप्प्या नव्हत्या. पुढच्या आणि मागच्या टोकाला लांब पट्टीच्या बिजागऱ्यांवर घडी होणाऱ्या प्लायवूडच्या फळ्या; बाहेरच्या कड्या सोडायच्या, आत शिरायचे, खांद्याने किंवा हाताने छत वर रेटायचे, फळ्या सरळ झाल्या की झाले. खाली घेताना दार उघडे ठेवायचे, नाहीतर आत कोंडलेली हवा कापड बाहेर फुगवते. बिघडण्यासारखे यात फार थोडे आहे, आणि जे बिघडेल ते कुठल्याही गावच्या सुताराला दुरुस्त करता येईल असे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1973मध्ये, अरब राष्ट्रांनी तेल रोखले. 1974च्या जानेवारीत अमेरिकेने देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा घातली. चालत्या घरांचा धंदा कोसळला, इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात, जिथे हा उद्योग एकवटला होता, कारखाने बंद पडले. मोठ्या गाड्यांच्या आरामाला तेलाची किंमत कळली तेव्हा, टप मिटवून वाऱ्याखालून जाणाऱ्या घरामागचा विचार किती पुढचा होता तेही कळले.

विचार इतका नेटका, मग या घरांच्या बांधणीत एवढी घाई का झाली? कारण 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात मागणी फार झपाट्याने वाढली. फोर्डने 1965 साली ‘कॅम्पर स्पेशल’ नावाचा, जड पाट्यांचा ट्रकच बाजारात आणला होता. इतर ट्रकवाले मागे राहिले नाहीत. आंतरराज्य महामार्गांचा कायदा 1956चा, आणि राष्ट्रीय उद्यानांतले रस्ते-मुक्काम सुधारण्याची दहा वर्षांची योजनाही त्याच वर्षी सुरू झालेली. लोकांच्या हातात पैसा होता, सुट्टी होती, ट्रक होता. अशा वेळी घरे बांधली गेली ती स्वस्तातल्या पाइनच्या एक-दीड इंची पट्ट्यांची, स्टेपलच्या पिनांनी ठोकलेली, मध्ये काचलोकरीचे पातळ थर, आतून आग्नेय आशियातल्या लुआन जातीच्या लाकडाचे पातळ प्लायवूड आणि बाहेरून कागदासारखा ॲल्युमिनियमचा पत्रा. वजनाला हलकी, करायला सोपी, दिसायला नीटनेटकी. पण पत्र्याचे सांधे नेमके कोपऱ्यांवर येत, तिथे वरून एक पट्टी स्क्रूने बसवली जाई, आणि पट्टीखाली भरलेली पुट्टी काही वर्षांत वाळून तडकत असे. म्हणजे जिथे घर रस्त्याच्या धक्क्यांनी सर्वांत जास्त पिळवटते तिथेच भोके, आणि भोकांवर न टिकणारी लांबी. हलके घर बांधण्याचा विचार उत्तम होता. पण हा हलकेपणा लाकूड कोरडे राहील या गृहीतावर उभा होता आणि ते कोरडे ठेवण्याची तजवीज केलेली नव्हती. विचार आणि कारखाना विरुद्ध होते असे मी म्हटले ते या अर्थाने.

पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण या घराचा खरा इतिहास त्यानेच लिहून ठेवलेला असतो. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणाऱ्या बुरशीला जगता येत नाही, हा लाकूडशास्त्रातला सर्वमान्य ठोकताळा. त्याच्या बराच वर ओलावा टिकून राहिला की बुरशी लाकडातला तंतुमय भाग खाऊन टाकते आणि उरते ते चौकोनी चिरा पडलेले, बोटाने चुरा होणारे तपकिरी भुस्कट. बहुतेकांना वाटते की हे सारे पाणी पावसाचे. पुष्कळसे असतेही, कोपऱ्याच्या पट्टीतून, खिडकीच्या चौकटीतून, पोटमाळ्याच्या पुढच्या नाकातून ते आत येते. परंतु एक मोठा वाटा आतल्या संसाराचा असतो. प्रोपेन जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते: एक किलो गॅस जाळला की सुमारे 1.6 किलो पाण्याची वाफ तयार होते. जुन्या कॅम्परमध्ये शेगडी गॅसची, दिवा गॅसचा, पुष्कळदा धुरांडे नसलेली शेकोटीही गॅसची. त्यात दोन माणसांचा रात्रभराचा श्वास. ही सगळी वाफ थंडीच्या रात्री पातळ प्लायवूडच्या फटींतून मागे जाते आणि गारठलेल्या पत्र्याच्या आतल्या अंगाला दव होऊन बसते. काचलोकर ते शोषून घेते आणि सोडत नाही. ओल्या लाकडातला लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्यात मग विजेची सूक्ष्म देवाणघेवाण सुरू होते आणि स्क्रूभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन झडतो. भिंत बाहेरून चकचकीत आणि आतून पोकळ. वर मधल्या मालकांची दुरुस्ती. गळती दिसली की सिलिकॉनची नळी पिळायची. सिलिकॉन काही वर्षे पाणी अडवतेही, पण त्यावर पुढे रंग, ब्युटाइल पट्टी, दुसरे सिलिकॉन, काहीच नीट चिकटत नाही. पुढच्या दुरुस्तीवाल्याला ते कणाकणाने खरवडून काढावे लागते. याउलट ब्युटाइलची पट्टी मऊ राहते, सांध्याबरोबर हलते, नको असेल तेव्हा सोलून काढता येते. एक पदार्थ पुढच्या हाताची वाट मोकळी ठेवतो, दुसरा ती बंद करतो. दुरुस्तीची सारी नीती या दोन पदार्थांच्या फरकात सापडते.

आता मुख्य आक्षेप. जुने लाकूड काढून ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचा सांगाडा घातला, काचलोकरीच्या जागी बंद छिद्रांचा फोम आणला, स्टेपलच्या जागी स्क्रू आणि गोंद आले, तर उरले काय? त्याला जीर्णोद्धार म्हणायचे की जुन्या पाटीखाली नवे दुकान? हा आक्षेप हलका नाही. वास्तूंच्या जतनाविषयी 1964 साली व्हेनिसमध्ये जी सनद झाली तिचा आग्रहच असा आहे की मूळ सामग्रीचा आदर करावा आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे हात थांबवावा. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत सर्वसाधारणपणे पन्नास वर्षे झालेल्या गोष्टींचा विचार होतो. ती फूटपट्टी इथे लावली तर 1972ची घरे केव्हाच वारशाच्या वयात आली आहेत. पण त्याच व्हेनिस सनदेत हेही आहे की पारंपरिक तंत्र अपुरे ठरते तिथे सिद्ध झालेले आधुनिक तंत्र वापरता येते, आणि नवा भाग जुन्याशी जुळला तरी तो नवा आहे हे ओळखू यावे. मोडलेल्या मंदिराच्या मंडपात नवा दगड बसवताना जो विवेक लागतो तोच इथे लागतो. शिवाय प्रत्येक जुन्या वस्तूत जपण्यासारखे एकच काही नसते. रोसिनांते आज कॅलिफोर्नियात सॅलिनास गावी स्टाइनबेकच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे. तिचा प्रत्येक मूळ स्क्रू जपला पाहिजे, कारण ती विशिष्ट गाडी, विशिष्ट माणसाच्या विशिष्ट प्रवासाची साक्षीदार आहे, आणि तिला आता कुठे जायचे नाही. परसात पडलेल्या निनावी कॅम्परचे मोल तसे नाही. तो एका कल्पनेचा नमुना आहे, आणि ती कल्पना चालण्याची आहे. कुजणारा सांगाडा पुन्हा जसाच्या तसा घालणे म्हणजे कारखान्याच्या चुकीला वारसा ठरवणे.

जसेच्या तसेचा हट्ट काही ठिकाणी तर घातकच. धुरांडे नसलेली जुनी शेकोटी बंद घरात कार्बन मोनॉक्साइड सोडते; ती काढलीच पाहिजे. गॅसच्या लहान टाक्यांना अतिभरण रोखणारी झडप असल्याशिवाय अमेरिकेत 2002पासून त्या भरून मिळत नाहीत. उलट काही जुन्या गोष्टी इतक्या उत्तम होत्या की त्या फेकून देणे पाप ठरेल. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रीज घ्या. स्वीडनमध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली तो शोधला. त्यात हलणारा एकही भाग नाही. छोटी ज्योत अमोनियाला उकळवते, आणि तो पुन्हा द्रवरूप होऊन, बाष्प होत, आतली उष्णता उचलून नेतो. गाडी फार कललेली असली तर त्याचे चक्र अडखळते, म्हणून मुक्कामाला सपाट जागा शोधावी लागते, एवढीच त्याची मागणी. गॅस आणणाऱ्या तांब्याच्या नळ्या, जोड आणि ज्योतीची जागा तपासून, धुराला बाहेरची वाट देऊन तो पुन्हा लावता येत असेल तर जरूर लावावा. म्हणजे नवे ते चांगले किंवा जुने ते सोने असा नियम इथे चालत नाही. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: घर हलके, ठेंगणे आणि हाताने दुरुस्त होण्याजोगे ठेवायला तू मदत करतोस की नाही?

हा प्रश्न मी आजच्या कित्येक देखण्या जीर्णोद्धारांनाही विचारीन, आणि तिथे माझी नाराजी जास्त आहे. सांगाडा नवा झाला की हुरूप येतो. मग जाड लाकडी ओटा, टपावर वातानुकूलन यंत्र, मोठ्या बॅटऱ्या, नहाणीघर, आणखी पाण्याची टाकी. हलके उघडमीट घर पाचशे किलोंच्या आसपास बसते म्हणून ते साध्या पिकअपवर चालते. त्यावर दोन-तीनशे किलो चढवले, त्यात माणसे, पाणी आणि शिधा धरला, की ट्रकची भारक्षमता केव्हाच ओलांडली जाते. अमेरिकी नियमांनुसार ट्रकवाल्याला कॅम्परचे किती वजन झेपेल आणि त्याचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठे पडला पाहिजे हे लिहून द्यावे लागते; तो मागच्या आसाच्या पुढेच पडायला हवा, नाहीतर पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ढिले पडते. टपावर चढवलेल्या प्रत्येक किलोबरोबर खांद्याने छत रेटणेही अवघड होते, मग मोटर लागते, मोटरीला वीज लागते. मूळ लाकूड जपणाऱ्याने कल्पना मारली असे मी म्हटले, तर हा दुसरा माणूसही तेच करतो आहे, फक्त जास्त खर्च करून.

खर्चाचाही आक्षेप आहेच. श्रमांचे मोल धरले तर असा कॅम्पर उभा करायला त्याच्या बाजारभावापेक्षा जास्त पडते, हे खरे. पण श्रमांचे मोल धरून कोणी घरचे लोणचे घालत नाही, आणि दुरुस्त होणारी वस्तू वापरात राहिल्याने दुरुस्तीचे ज्ञानही वापरात राहते. याहून जड आक्षेप जमिनीचा आहे. हे घर जिथे मुक्काम करते त्या पश्चिमेकडच्या सरकारी जमिनी. एकट्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे 24.5 कोटी एकर, आणि त्यांच्या बऱ्याच भागावर सलग 14 दिवसांपर्यंत विनाशुल्क राहता येते. त्या जमिनी मोकळ्या वाटतात कारण तिथल्या मूळ जमातींना तिथून हटवले गेले. या घराचे स्वातंत्र्य त्या इतिहासावर उभे आहे आणि जीर्णोद्धार करणाऱ्याने तो झाकू नये. परंतु त्या जमिनीवर कुठले घर नेणे कमी अन्यायाचे, हा प्रश्न तरीही उरतो. ज्याला विजेचा खांब, सांडपाण्याचा नळ आणि सपाट केलेली डांबरी जागा लागत नाही, जे सकाळी टप मिटवून निघाल्यावर मागे चाकांच्या खुणांपलीकडे फारसे काही ठेवत नाही, त्याची बाजू मला घेता येते. इंधनाबद्दलही असेच. ट्रक तेल पितो. ठेंगणे घर घेतलेला ट्रक उंच घर घेतलेल्यापेक्षा कमी पितो, याहून मोठा दावा करण्याची गरज नाही.

कामाच्या शेवटी राहते ते कापड. ते बहुधा सर्वांत आधी फाटलेले असते: घडीच्या रेषांवर विरलेले, खिडकीच्या प्लास्टिकभोवती पिवळे पडलेले, बुरशीच्या काळ्या ठिपक्यांनी भरलेले. घाणेरडे दिसते म्हणून ते पहिल्याच दिवशी उपटून टाकण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा लागतो. बंद पडलेल्या छोट्या कारखान्यांचे नकाशे कुठे मिळत नाहीत, आणि दोन घरांची मापेही तंतोतंत सारखी नसतात, कारण ती हाताने जुळवलेली होती. म्हणून जुन्या कापडाच्या कडेच्या पट्ट्या आणि पिना एकेक करून काढायच्या, कोणता तुकडा कोणत्या बाजूचा ते खडूने लिहायचे, शिवण ब्लेडने उसवायची, आणि तुकडे जमिनीवर सपाट पसरून, कोपऱ्यांवर वजने ठेवून, नव्या कापडावर त्यांची रेषा ओढायची. जिथे जुने कापड ताणून लांबले आहे तिथे किती सोडायचे आणि जिथे आटले आहे तिथे किती वाढवायचे, हे शिवणाऱ्याच्या बोटांनी ठरवायचे. छत वर रेटून फळ्या सरळ करायच्या आणि नवे कापड आधी चारही कोपऱ्यांना तात्पुरते टाचून पाहायचे.